न सापडलेली चाके

तूतुकुडीहून एस. अरोक्यसामी यांचे पत्र मला १९३७ च्या सप्टेंबरात आले आणि मी त्याला उत्तर दिले नाही. दोन पानांचे पत्र होते, इंग्रजीत. त्यात त्यांनी मला एकच गोष्ट विचारली होती. तिचे उत्तर एका ओळीत मावले असते. ती ओळ लिहायला मला जवळजवळ अकरा वर्षे लागली.

मी तेव्हा गुलबर्ग्याच्या एका हायस्कुलात सायन्स शिकवीत असे. गुलबर्ग्याच्या मास्तराने समुद्रातल्या स्पंजांवर काम करावे हे ऐकून लोक हसत, आणि त्यांचे फारसे चुकत नसे. समुद्र मी एकदाच पाहिला होता, मद्रासेला शिकत असताना. तेव्हाही पाण्यात पाय घालायचा धीर झाला नाही. पण स्पंज ओळखायला समुद्र लागत नाही. स्पंज हा प्राणी असला तरी त्याला तोंड नाही, डोळे नाहीत, हातपाय नाहीत. वाळल्यावर रंगही जातो. त्याची ओळख असते ती त्याच्या अंगातल्या काचेसारख्या बारीक काट्यांत. नखाएवढा तुकडा नळीत घालून तेजाबात उकळायचा. मांस विरघळून जाते, काटे तळाला बसतात. मग ते पाण्याने पाच-सहा वेळा धुवायचे, काचेच्या पट्टीवर वाळवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बसायचे. कुणाचे काटे सुईसारखे, कुणाचे गळासारखे, कुणाचे चांदणीसारखे. त्यांची लांबी-जाडी मोजायची, चित्र काढायचे. जुन्या वर्णनांपैकी एकाशीही जुळले नाही, तर जात नवी.

हे काम एकट्याने आणि गप्प बसून करायचे असते. मला ते आवडायचे याचे कारणही तेवढेच असावे.

अरोक्यसामींची गाठ माझ्या मद्रासच्या गुरुजींनी घालून दिली, तीही कागदावरच. ते तूतुकुडीला मासेखात्यात मदतनीस होते. वडील मोती काढणारे पाणबुडे. कालवांबरोबर वर येणारे स्पंज अरोक्यसामी पोरवयापासून ओळखत. ते मला ताडाच्या पानांच्या डब्यांतून वाळवलेले नमुने पाठवीत. प्रत्येक गड्ड्याचा अर्धा भाग स्वतःकडे ठेवीत, अर्धा मला. चिठ्ठीवर किती वाव खोल, खाली वाळू की खडक, जिवंतपणी रंग कोणता, सगळे लिहिलेले असे. आम्ही एकमेकांना कधी पाहिले नाही.

१९३५ च्या उन्हाळ्याच्या सुटीत मी एक असा गड्डा घेऊन माझ्या गावी, निंबर्ग्याला गेलो. शाळेचा सूक्ष्मदर्शकही बरोबर होता. हेडमास्तर पांडुरंगरावांनी तो वरच्यांशी दोन वर्षे भांडून मिळवला होता आणि माझ्या हातात देताना म्हणाले होते, "मास्तर, बैलगाडीत मांडीवर धरा. माझी सून पहिलटकरीण आहे, तिलासुद्धा मी एवढं जपून पाठवलं नाही."

धुवायला लागणारे शुद्ध पाणी मी दवाखान्यातून मागून बाटल्या भरून आणत असे. त्या सुटीत बाटल्या मध्येच संपल्या. कुणाला परत गुलबर्ग्याला पाठवून मागायचे मला जमले नाही. मागणे मला कधीच जमत नाही. मी आमच्या बारवेचे पाणी धोतराच्या दुहेरी पदरातून दोनदा गाळले आणि त्याने धुतले.

आणि मला चाके दिसली.

सुईसारख्या काट्यांच्या मध्ये मध्ये, अगदी बारीक: एक आस आणि त्याच्या दोन्ही टोकांना दातेरी चाक. पट्टीवर दहा-बारा, पण प्रत्येक तुकड्यात. अशा घडणीचे काटे समुद्रातल्या स्पंजांत क्वचित सापडतात, आणि या नमुन्याच्या जवळच्या कुठल्याही जातीत ते कुणी नोंदवले नव्हते. मी आठ दिवस धड जेवलो नाही. थोरली बहीण कुसुमताई म्हणाली, "एवढं काय दिसतंय रे त्यात?" मी तिला नळीला डोळा लावायला सांगितले. ती म्हणाली, "गाडीची चाकं आहेत की. बैल कुठं आहेत?"

वर्णन एका शास्त्रीय नियतकालिकात छापून आले. नव्या जातीला मी पांडुरंगरावांचे नाव दिले, त्या लॅटिन नावाच्या शेवटी 'पांडुरंगी' असा शब्द आला. हेडमास्तरांनी तो अंक सगळ्या वर्गांतून फिरवला. नंतर माझ्या खोलीत येऊन दार लावून घेतले आणि डोळे पुसले. "अहो, मी समुद्र पाहिला नाही आणि आता पाहणारही नाही. पण माझं नाव तिथं जाऊन बसलं!"

अरोक्यसामींचे पत्र त्यानंतर वर्षभराने आले. त्यांनी स्वतःकडच्या अर्ध्या गड्ड्यातून सहा वेळा काटे वेगळे केले होते. सहाही वेळा चाके नव्हती. तसे एक टिपण त्यांनी लिहिले, ते परत आले. वरिष्ठांचे म्हणणे असे की, इतके बारीक काटे धुताना वाहून जातात; काम करणाऱ्याचा हात जड आहे. "सर," त्यांनी लिहिले होते, "ती माझ्या हातून वाहून जात असतील, तर तुमची रीत मला शिकवा, मी पुन्हा करीन. आणि ती तिथे नसतीलच, तर तेवढे एक वाक्य लिहा. मला येथे तुमच्या वाक्याची गरज आहे. वरची जागा भरायची आहे आणि माझ्याविरुद्ध हेच बोलले जात आहे."

मी माझी त्या सुटीतली वही काढली. त्या दिवसाच्या पानावर माझ्याच अक्षरात होते: पाणी बारवेचे, दोनदा गाळून.

गोड्या पाण्यातही स्पंज असतात, आणि त्यांतल्या काहींच्या अंगात दोन चाकांचे काटे असतात, हे मी पाठ्यपुस्तकात वाचलेले होते. मुलांना शिकवलेही होते. मी वही मिटली.

मला खात्री नव्हती, असे मी पुढे बरीच वर्षे स्वतःला सांगत आलो. ते खरेही होते, कारण खात्री करून घ्यायला मी गेलोच नाही. बारवेच्या पायरीवरून जरासे खरवडून आणायचे, एवढेच काम होते. दर सुटीत मी निंबर्ग्याला जात होतो. १९४० मध्ये पेन्शन घेऊन तिथेच राहायला आलो, तेव्हा एक जुना सूक्ष्मदर्शक विकत घेतला होता. त्याखाली मी मुंगीचा पाय पाहिला, कांद्याची साल पाहिली, मिठाचे खडे पाहिले. बारवेचे पाणी पाहिले नाही.

पांडुरंगराव असेपर्यंत कसे लिहायचे, हे एक कारण माझ्याजवळ होते. ते १९४३ मध्ये गेले. कारण संपले, तरी मी लिहिले नाही. तेव्हा मला कळायला हवे होते की ते कारण नव्हतेच. सहा वर्षांनी उत्तर पाठवायची लाज वाटत होती, आणि सातव्या वर्षी ती आणखी वाढली होती.

१९४८ चा उन्हाळा आमच्याकडे वाईट गेला. गावोगाव रझाकारांची भीती, मोटारी कधी येत कधी येत नसत, मीठ आणि घासलेट मिळेना. निजामाच्या राज्याची सरहद्द जवळ असल्यामुळे रोज कुणीतरी बिऱ्हाड घेऊन अक्कलकोटच्या बाजूला निघालेले असे. अशात एके दुपारी माझा जुना विद्यार्थी अच्युतराव आला. तो हैदराबादेत कॉलेजात शिकवीत होता, आईला न्यायला आमच्या तालुक्याच्या गावी, आळंदला आला होता. माझ्यासाठी त्याने एक पुस्तक आणले होते. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच्या सगळ्या स्पंजांची यादी.

"सर, तुमची जात आहे यात. पान दुमडून ठेवलंय."

मी वाचले. जातीचे नाव, माझे नाव, साल, चाकांची मापे. खाली बारीक अक्षरात एक टीप. चाके आढळत नाहीत असे एस. अरोक्यसामी यांनी कळवले होते. सदोष धुलाईमुळे ती नष्ट झाली असावीत. या अभ्यासकाच्या इतर नोंदीही जपून स्वीकाराव्यात.

"इतर नोंदीही," मी म्हणालो.

"काय सर?"

"त्याच्या बाकीच्या नोंदीसुद्धा मोडीत काढल्या की यांनी. वीस वर्षांचं काम असेल ते."

अच्युतरावाला वाटले मला ऊन लागले. त्याने पाणी आणवले. मी त्याला सगळे सांगितले. एवढे सलग मी कुणाशी बोललो नव्हतो. तो बराच वेळ टोपी हातात फिरवीत बसला.

"सर, रागावू नका. दिवस कसले आहेत बघताय ना? माणसं मरायलेत इथं. समुद्राच्या तळाशी पडलेल्या स्पंजाला चाकं आहेत का नाहीत, कुणाला पडलंय? अन् तुमचं हे एकच काम आहे छापलेलं. तेही खोटं म्हणून स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं?"

"खोटं आहे की नाही ते अजून पाहिलं नाही मी."

"मग नका पाहू," तो म्हणाला. अगदी मायेने म्हणाला.

तो गेल्यावर मी कुसुमताईला विचारले, "आपल्या बारवेत पायऱ्यांवर काही वाढतं का? शेवाळ सोडून?"

"वाढतं की. पाणी खाली गेलं की वरच्या पायरीवर किटणासारखं वाळून बसतं. हात लावू नकोस, अंगाला खाज सुटते. उन्हाळ्यात आम्ही बायका त्या पाण्यानं डोक्यावरनं न्हात नाही."

"कधीपासून?"

"आपल्या आजीपासून असेल. कामून विचारायलास?"

"मला कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस? तुझ्या चाकांना बैल कुठाय म्हटलं, तर तोंड फुगवून बसलास चार दिवस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बारवेत उतरलो. साठी उलटलेला माणूस भरउन्हाळ्यात चाकूने पायरी खरवडतोय हे पाहून घागरी घेऊन आलेल्या बायका थांबल्या. राजूबाई म्हणाली, "मास्तर, सोनं सापडलं तर आमालाबी सांगा व्हय." सोनाराकडून वाटीभर तेजाब आणले, उकळले, पुरवून ठेवलेल्या थोड्या शुद्ध पाण्याने धुतले आणि बसलो.

पट्टीवर चाके दहा-बारा नव्हती; पट्टी चाकांनीच भरली होती. मी जुनी वही उघडून मापे ताडली. एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचाही फरक नव्हता.

पत्र लिहायला तीन दिवस लागले. पहिल्या मसुद्यात मी पाण्याची टंचाई, दवाखाना, उन्हाळा, सगळे घातले. दुसऱ्यात पांडुरंगरावही आले. कुसुमताईने विचारले काय लिहितोस, म्हणून वाचून दाखवले. ती म्हणाली, "यात तुझी चूक कुठंय? सगळ्या जगाची आहे." मी तो फाडला. तिसऱ्यात एवढेच राहिले की, चाके त्या स्पंजात नाहीत. ती आमच्या गावच्या बारवेतल्या गोड्या पाण्याच्या स्पंजाची आहेत. आपण सहाही वेळा बरोबर होता. हे मला आपले पत्र आले त्या दिवशीच वाटले होते आणि मी गप्प बसलो. मी ही दुरुस्ती माझ्या नावाने छापण्यासाठी स्वतंत्र लिहिली, ती नियतकालिकाच्या पाकिटात. अरोक्यसामींच्या पाकिटात पत्र, चाकांचे चित्र, आणि कापसात गुंडाळलेल्या दोन पट्ट्या: एक जुनी, एक बारवेतली.

आमच्या निजामी तिकिटावर राज्याबाहेर पत्र जात नसे, आणि त्या दिवसांत आमच्या डाकेवर माझा विश्वासही नव्हता. ग्यानबा बायकोपोरांना मेहुण्याकडे सरहद्दीपलीकडे पोचवायला निघाला होता. मी त्याच्या गाडीत बसलो.

"तुमीबी पळून चाललाव का मास्तर?"

"नाही. पत्र टाकून परत येणार."

"पत्र?" त्याने बैलाची शेपटी सोडून माझ्याकडे पाहिले. "लई शिकल्यालं माणूस असंच आस्तंय," तो बायकोला म्हणाला.

करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर आठ-दहा गाड्या अडवलेल्या होत्या. जमादार एकेक गाठोडे उपसून बघत होता. ज्वारीची पोती काठीने टोचून झाल्यावर त्याचा हात माझ्या पिशवीत गेला. त्याने पाकिटावरची दोरी सोडली. आतून काचेच्या पट्ट्या निघाल्या आणि चाकांचे मोठे चित्र निघाले, मापांच्या आकड्यांसकट.

"ये चाकां कायके हैं?"

मी गाडीतून खाली उतरलो.

"नक्शा है? मशीन का?"

"नहीं साहब. समुंदर के जानवर के काटे हैं."

"समुंदर?" त्याने मागे वळून सगळ्यांकडे पाहिले. "निंबर्गे में समुंदर निकला क्या रे?"

गाड्यांवरचे लोक हसले. ग्यानबा मात्र घाबरला. "कामून आणलाव हे लचांड, मास्तर? आता आमालाबी गुत्तवतेत."

जमादार चित्राची घडी घालून खिशात ठेवू लागला. हे सगळे आळंदला तहसीलात जाईल, तिथे साहेब बघतील, म्हणाला. तिथे गेले की ते परत येणार नाही, हे मला दिसत होते. पत्र आणि चित्र पुन्हा करता आले असते. जुनी पट्टी मात्र एकच होती. ज्यांच्यावर ठपका आला त्यांच्या हातात देण्यासारखा पुरावा तेवढाच होता. मी त्याचा हात धरला. आयुष्यात मी कुठल्या शिपायाचा हात धरला नव्हता.

"साहब, पहले खत सुन लो. उसमें सब लिखा है."

"अंग्रेजी है ना? मेरेकू अंग्रेजी नहीं आती."

"मैं उर्दू में बोलता."

आणि भर रस्त्यात, गाडीच्या जुवाला टेकून, मी ते पत्र ओळीओळीने उर्दूत सांगितले. तीस वर्षे वर्गात उर्दूतून शिकवले होते. आपण बरोबर होता, मी चुकलो. मला कळले होते, मी गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्याने आपले नाव खराब झाले. गाड्यांवरचे हसणे केव्हा थांबले ते मला समजले नाही. एका पोराने आईला विचारले, "मास्तर कामून रडायलाय?" आणि तिने त्याला गप्प केले.

जमादाराने चित्र खिशातून काढले, पुन्हा एकदा उलटसुलट पाहिले.

"उसका खत कब आया था?"

"ग्यारह बरस होते हैं."

"ग्यारह बरस!" त्याने चित्र खाली घेतले. "डर गए थे?"

"हौ साहब."

"उसकी नोकरी?"

"मालूम नहीं."

त्याने पट्ट्या कापसात ठेवल्या, पण कापूस नीट बसेना. मी घ्यायला गेलो तर मला बाजूला सारून त्यानेच दोरी बांधली, दोन गाठी मारल्या. "जाओ," तो म्हणाला. "और मास्टरसाब, आदमी जिंदा है कि नहीं, ये पहले पूछना था."

पलीकडच्या गावातले डाकघर म्हणजे एका दुकानाचीच पुढची खोली होती. पोस्टमास्तर जेवत होते. ग्यानबा बिऱ्हाड उतरवायला गेला, मी बाकावर बसलो. संध्याकाळपर्यंत परत फिरायचे होते, आणि नाका त्या वेळी उघडा असेल की नाही ठाऊक नव्हते. जमादाराचा प्रश्न मला सोडीना. अरोक्यसामी हयात असतील का? असले, तर हे पत्र त्यांना नको असलेलेही असेल. अकरा वर्षांनी कुणी तरी येऊन तुम्ही बरोबर होता म्हणतो, त्याचे त्यांनी काय करायचे? दुरुस्ती छापून येईलच. मग हे दुसरे पाकीट कशाला, असा एक विचार येऊन गेला. तो ओळखीचा होता. याच तऱ्हेचे विचार मी अकरा वर्षे करीत आलो होतो.

पोस्टमास्तर हात पुसत आले. दोन्ही पाकिटे तोलली. संपादकाच्या पाकिटावर लगेच शिक्का मारला. दुसरे हातात धरून त्यांनी वाचले, "तूतुकुडी. लांब आहे. आत काच आहे म्हणता, तर रजिस्टर करा."

"करा."

"मग मागं पाठवणाऱ्याचा पत्ता लागेल. तुम्ही लिहिलेला नाही."

मी तो मुद्दामच लिहिला नव्हता. पत्राखाली सही होती, तेवढी पुरे असे ठरवले होते. पत्ता दिला की उत्तर येऊ शकते, आणि त्या उत्तरात ते मला काय म्हणतील हे मी तीन दिवस नाही नाही त्या शब्दांत ऐकले होते.

"पत्त्याशिवाय नाही जमायचं का?"

"साधं जाईल. फुटलं, हरवलं तर माझ्याकडं येऊ नका."

मी त्यांच्याकडून टाक मागून घेतला. पाकिटाच्या मागे नाव लिहिले, त्याखाली मुक्काम निंबर्गा, तालुका आळंद, जिल्हा गुलबर्गा. अक्षर वाकडे आले. पोस्टमास्तरांनी तिकिटे लावली, पावती फाडून दिली, आणि पाकीट मागच्या थैलीत टाकले.